मोबाईलला चिकटलेलं पोर खेळायला कसं न्यायचं : सुरुवात कच्च्या लिंबापासून

आमच्या धाकट्याला मी एकदा हाताला धरून, जवळजवळ ओढतच, खाली खेळायला सोडून आले. वय वर्षं आठ. सातव्या मिनिटाला बेल वाजली, दारात हाच. "बोअर झालं." आणि चपला काढता काढताच नजर टॅब कुठाय ते शोधतेय. मी भडकले, आमच्या लहानपणी असं होतं नि तसं होतं हे नेहमीचं भाषण देऊन झालं. दोन दिवसांनी खालच्या एका मोठ्या मुलीनं सांगितलं, "काकू तो बोअर नव्हता झाला, त्याच्यावर लागोपाठ दोनदा राज्य आलं, कोणी सापडेना, सगळे हसले आणि तो निघून गेला."

खरी गोम तिथे होती. मोबाईलवर हरलं की एक टच केलं आणि डाव पुन्हा सुरू. कोणी हसत नाही, कोणाची वाट बघावी लागत नाही, राज्य तर कधीच येत नाही. नाही आवडलं तर बोटानं वर सरकवायचं, पुढचं हजर. अशा पोराला एकदम दहा जणांच्या घोळक्यात सोडणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून "पोह आता" म्हणण्यासारखं आहे. त्याला खेळायचं नसतं असं नाही, त्याला खेळात टिकता येत नाही. थांबणं, हरणं, राज्य घेणं, भांडून परत त्याच डावात येणं ही सगळी सवय आहे आणि ती हळूहळूच लागते. मोबाईल हिसकावून ती लागत नाही, हे मी करून पाहिलंय म्हणून सांगते.

खाली जे लिहिलंय ते साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि सहा-आठ आठवडे हातात धरून चला. चार दिवसांत होणारं काम नाहीये हे.

आधी पाच दिवस नुसतं बघा

काही बदलू नका, ओरडू नका. एक कागद घ्या आणि पोर स्क्रीन कधी उचलतं, किती वेळ आणि त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं एवढंच लिहा. शाळेतून आल्या आल्या? जेवताना? तुम्ही फोनवर बोलत असताना? आमच्याकडे कागद बघून कळलं की दिवसभर मोबाईल मोबाईल म्हणून मी जे रडत होते त्यातला खरा घट्ट वेळ एकच होता, संध्याकाळचे साडेपाच ते साडेसात. बाकीचं इकडचं तिकडचं होतं. म्हणजे लढायचं होतं ते दोन तासांशी, अख्ख्या दिवसाशी नाही.

दुसरं लिहायचं ते म्हणजे पोर नक्की काय बघतं किंवा खेळतं. हे बहुतेक आईबाप लिहीतच नाहीत, आपल्याला सगळी स्क्रीन सारखीच वाटते ना. पण पुढे खेळ निवडताना ह्याच नोंदीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आकड्यांबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून बघायची स्क्रीन दिवसाला जास्तीत जास्त १ तास, कमी असेल तर बरंच. आणि ३-४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली दमवणारी. ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी २०२० च्या सूचना आहेत, रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काहीतरी, म्हणजे उड्या मारणं, धावणं, चढणं. ह्या वयासाठी स्क्रीनच्या मिनिटांचा आकडा त्यांनी दिलेलाच नाही, मर्यादेत ठेवा एवढंच म्हटलंय. मला हे बरं वाटतं, कारण घड्याळ घेऊन स्क्रीनची मिनिटं मोजत बसण्यापेक्षा धाप लागलेली मिनिटं मोजली तर घरात भांडणं कमी होतात.

आता आपला फोन

ह्यावर लांबण लावत नाही. त्या ठरलेल्या वेळात घरातल्या सगळ्यांचे फोन एका जागी, दाराजवळच्या कपाटावर किंवा कुठेही. आपण स्क्रोल करत "जा खेळ" म्हटलं तर पोर ऐकेल का? मी नसते ऐकलं.

स्क्रीन बंद करायची वेळ : इथेच बहुतेक घरं फसतात

"ठेव तो मोबाईल आणि जा खेळायला." ह्या वाक्यात खेळ शिक्षा होतो. आवडती गोष्ट काढून घेतल्याबद्दल मिळालेली भरपाई, आणि तीसुद्धा न मागितलेली. त्यापेक्षा क्रमच उलटा करा. शाळेतून आलं, हातपाय धुतले, थोडं खाल्लं की स्क्रीन हातात पडायच्या आधी खेळ. एकदा स्क्रीन सुरू झाली की मधेच तोडणं अवघड जातं कारण ती न संपण्यासाठीच बनवलेली असते, एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा आपोआप लागतो. ते आपोआप लागणं सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

स्क्रीन आधीच चालू असेल तर "पाच मिनिटांनी बंद" हे पोराला कळतच नाही. मिनिटं त्याला दिसत नाहीत, लेव्हल दिसते. म्हणून जवळ जाऊन बसायचं, काय चाललंय ते खरोखर बघायचं आणि विचारायचं, ही मॅच संपायला किती राहिलंय? ऑनलाइन मॅच मधेच थांबवता येत नाही, सोडली तर बरोबरचे भिडू हरतात आणि त्याला बोल लावतात. आपण गल्लीत खेळताना डाव अर्धा टाकून घरी बोलावलं की कसं व्हायचं, अगदी तसंच. एवढं समजून घेतलं की निम्मी आदळआपट जाते.

आणि मग "जा" म्हणायचं नाही, "चल" म्हणायचं. मी तर सरळ म्हणायचे, "चल, माझ्यावर राज्य." हे दोन शब्द कोणत्याही भाषणापेक्षा जास्त चालतात.

पहिला आठवडा-दीड आठवडा : घरात, तुम्ही आणि तो, दहा मिनिटं

हो, दहाच. जास्त करायला जाऊ नका. महिनोन्महिने बसून राहिलेलं पोर तीन-चार मिनिटांत धापा टाकतं, कुशीत चमक येते, आणि ते "मला नाही खेळायचं" म्हणून सांगतं कारण "मी दमलो" म्हणायची लाज वाटते. दहा मिनिटांत, त्याला अजून हवं असतानाच थांबवा. उद्याची ओढ राहते.

सुरुवातीला मला सगळ्यात उपयोगी पडलेला खेळ तळ्यात-मळ्यात. खडूनं एक रेघ मारा किंवा दोरी टाका, अलीकडे तळं, पलीकडे मळा. बोलणारा भराभर ओरडतो, तळ्यात, मळ्यात, मळ्यात, तळ्यात, आणि त्याप्रमाणे दोन्ही पाय जोडून उडी मारायची. फसवणूक अशी की मळ्यात असताना पुन्हा "मळ्यात" म्हटलं की जागचं हलायचं नाही, आणि शरीर हलतंच! दिसायला बाळबोध खेळ आहे पण मेंदूला चांगला घाम फुटतो, कारण सुटलेली उडी आवरायची असते. लहान मुलांचा स्वतःवर ताबा किती आहे हे बघायला संशोधकसुद्धा अशाच धाटणीचे खेळ वापरतात, "डोक्याला हात लाव" म्हटलं की पायाला लावायचा, असे. आणि बोट आवरता न येणं हीच तर आपल्या पोराची अडचण आहे ना.

स्टॅच्यूही त्याच जातीचा. आंधळी कोशिंबीर घरात छान होते, फक्त टेबलांचे कोपरे आणि पायात येणाऱ्या वायरी आधी बाजूला करा. आम्ही केल्या नव्हत्या, माझ्या गुडघ्यावर त्याची खूण आठवडाभर होती.

पकडापकडी खेळताना मोठ्यांनी लंगडी घालून पकडायचं, पोरानं दोन्ही पायांवर पळायचं. हा जुनाच नियम आहे, जो दांडगा त्याच्यावर जास्तीचं ओझं. ह्याचा फायदा असा की तुम्हाला मुद्दाम हरावं लागत नाही. मुद्दाम हरलेलं पोरांना लगेच कळतं आणि खेळाची मजाच जाते. एका पायावर मात्र तुम्ही खरोखरच हरता, आणि तिशी-चाळिशीतला माणूस लंगडी घालताना दिसणं हा त्यांच्यासाठी वेगळाच आनंद असतो.

ह्या दिवसांत शिकवायला जाऊ नका. "असं नाही, तसं उडी मार" नको. "बघ, मोबाईलपेक्षा किती मजा येते" हे तर चुकूनही नको, पोरं लगेच सावध होतात की अच्छा, म्हणजे हे सगळं त्यासाठी चाललंय होय.

खेळ कोणता निवडायचा? त्याच्या स्क्रीनला विचारा

तो पाच दिवसांचा कागद काढा. पोर स्क्रीनवर जे शोधतं त्याच चवीचा खेळ बाहेर असतोच.

लपून हल्ला करायचे, शेवटपर्यंत टिकून राहायचे गेम आवडत असतील तर लपंडाव आणि त्याहून भारी डबा ऐसपैस. काहीतरी बांधायचं, रचायचं वेड असेल तर लगोरी. नेम धरायचं, लेव्हल वाढवत न्यायचं आवडत असेल तर गोट्या, भोवरा, विटीदांडू, कारण ह्यात रोज थोडं थोडं बरं जमत जातं आणि ते स्वतःला दिसतं. आणि जे पोर फक्त छोटे छोटे व्हिडिओ सरकवत बसतं, त्याला लांबलचक डाव झेपत नाही, त्याला विषामृत द्या किंवा डोंगराला आग लागली पळा पळा, एक फेरी मिनिटा-दोन मिनिटांत संपते आणि लगेच दुसरी. नुसतं बसून सागरगोटे खेळणं हे पळापळीत धरता येणार नाही खरं, पण हात-डोळ्याचं काम आणि जिद्द त्यात भरपूर आहे, आणि पळायला घाबरणाऱ्या मुलाला भिडूंमध्ये बसवायला त्याच्याइतकं सोपं काही नाही.

भोवऱ्याबद्दल एक, पहिले दोन दिवस तो फिरणारच नाही. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळताना आरेजवळचे (आर म्हणजे खालचा खिळा) वेढे घट्ट आणि एकाला एक चिकटून हवेत, आणि फेकल्यावर हात झटक्यानं मागे ओढायचा असतो. हे तुम्हाला येत नसेल तर आजोबांना विचारा, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलात तरी चालेल, त्यात काय एवढं! स्क्रीन आपली शत्रू नाहीये.

विटीदांडू मात्र नऊ-दहा वर्षांच्या आतल्यांना नको, आणि बघणाऱ्यांना समोर उभं करू नका. विटीला दोन्हीकडे टोक असतं, ती कुठे उडेल ह्याचा नेम नसतो आणि इजा होते ती नेमकी डोळ्याला.

मग एक भिडू, फक्त एक

इथे घाई करू नका, मी केली होती. आठ दिवस घरात छान चाललं म्हणून नवव्या दिवशी गँगमध्ये सोडलं आणि पुन्हा सात मिनिटांत बेल.

एका मुलाला किंवा मुलीला बोलवा, शक्यतो शांत, थोडं लहान असलं तरी उत्तम. लहान भिडूसमोर आपलं पोर मोठं होतं, नियम समजावून सांगतं, आणि ज्याला नियम सांगावे लागतात त्याला ते पाळावेही लागतात. आलेल्याच्या हातात फोन असेल तर तोही कपाटावर, नाहीतर दोघं एका स्क्रीनवर डोकी जोडून बसतात आणि आपण म्हणतो वा, मित्र जमले.

दोघांत चालणारं काय? ठिक्कर. घरं आखायची, एक चपटा दगड, आणि लंगडी घालत रेघेवर पाय न पडता जायचं यायचं. किंवा गोट्या. किंवा बॉल आणि भिंत, किती वेळा न चुकता झेलला हे मोजायचं, रोजचा आकडा भिंतीवर खडूनं लिहायचा. हा आकडा लिहिण्याचा प्रकार स्क्रीनवाल्या मुलांना फार आवडतो, स्कोअर शेवटी स्कोअरच.

गँगमध्ये प्रवेश : कच्चा लिंबू

आपल्याकडच्या खेळांमध्ये ही एक सोय कोणी करून ठेवली कोण जाणे, पण तिला तोड नाही. जो लहान आहे, नवा आहे, ज्याला अजून जमत नाही, तो कच्चा लिंबू. तो सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, ओरडतो, पण तो आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. म्हणजे खेळात आहे पण हरण्याचं ओझं नाही. मोबाईलमधून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलाला नेमकं हेच लागतं.

फक्त आठ वर्षांच्या पोराला सगळ्यांदेखत "हा कच्चा लिंबू बरं का" म्हटलं तर ते तिथेच रुसेल. म्हणून गँगमधल्या मोठ्या मुला-मुलीशी आधी बोलून घ्या. मी त्या बातमी देणाऱ्या मुलीलाच गाठलं, म्हटलं आठवडाभर ह्याच्यावर राज्य आलं तर तू त्याच्याबरोबर जोडीनं राज्य घेशील का? तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे गुपचूप कच्चा लिंबू?" हो, गुपचूप. पोरं ह्या बाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार असतात, नीट विचारलं तर.

पहिला गँगचा खेळ म्हणून मी लगोरीच सुचवेन. सात चपटे दगड किंवा फरशीचे तुकडे, कडा घासून घेतलेले, मोठा खाली आणि लहान वर असे रचायचे. दोन टीम. एका टीमचा एक जण ठरलेल्या रेघेवरून बॉल मारून लगोरी पाडतो. पडली की त्याच टीमनं ती परत रचायची आणि दुसरी टीम बॉल मारून त्यांना आउट करत सुटते. पूर्ण रचून "लगोरी!" ओरडलं की डाव जिंकला. आता बघा ह्यात काय काय आहे. नेम आहे, पळणं आहे, वाकणं आहे, बॉल बसेल ही धाकधूक आहे आणि एकानं बॉल अंगावर ओढून घ्यायचा म्हणजे दुसऱ्याला दोन दगड रचता येतील ही युक्तीसुद्धा आहे. मुख्य म्हणजे ह्यात एकट्यावर राज्य येत नाही, हरलं तर टीम हरते, आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा नवा डाव.

नवख्या मुलांसाठी सातऐवजी पाच दगड, रेघ जवळ, आणि बॉल मऊ. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून केलेला बॉल एक नंबर, लागत नाही आणि काचाही फुटत नाहीत. फटका कमरेच्या खालीच, हा नियम डाव सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं बोलून घ्यायचा.

आमच्या धाकट्याचा लगोरीतला पहिला दिवस आठवतो. तो नुसता कडेला उभा होता, बॉल चुकवायचा आणि हात खिशात. तिसऱ्या डावात सगळे बॉलमागे पळाले आणि लगोरीपाशी हा एकटाच उरला. खाली बसला, एक दगड ठेवला, दुसरा ठेवला, तिसरा तिरका बसला तो काढून सरळ केला, मागून सगळी टीम किंचाळतेय रच रच रच, ह्याचे हात थरथरतायत, आणि शेवटचा ठेवायच्या आत मागून बॉल बसला. हरले. मला वाटलं आता येतो घरी. तर हा उठला आणि म्हणाला, "एकच राहिला होता! परत!"

लगोरी अंगवळणी पडली की मग डबा ऐसपैस. डबा लांब फेकायचा, ज्याच्यावर राज्य तो आणेपर्यंत बाकीचे लपतात. कोणी दिसला की राज्यवाल्यानं धावत येऊन डबा आपटून नाव घेऊन "डबा ऐसपैस" म्हणायचं. पण लपलेल्यांपैकी कोणी आधी येऊन डबा उडवला तर सगळे सुटले आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. हा खेळ जितका भारी तितकाच निर्दयी. एकाच पोरावर अर्धा तास राज्य राहू शकतं. म्हणून सुरुवातीला ठरवून टाका, तीनदा डबा उडाला की राज्य बदलणार. पोरांना नियम बदलायला काही वाटत नाही, ती रोजच बदलत असतात. पवित्र नियमांचं वेड आपल्याला.

रडारड, चिडाचिड, रडीचा डाव

होणारच. भांडणाचा आवाज आला की लगेच खिडकीतून ओरडू नका. आउट होता की नव्हता ह्यावर पाच मिनिटं वाद घालणं हाही खेळाचाच भाग आहे, आणि स्क्रीनवर तो कधीच मिळत नाही, तिथे निकाल मशीन देतं. मारामारी, दगड, कोणाला ठरवून छळणं ह्यापैकी काही असेल तरच मधे पडा.

चिडून निघून येणाऱ्या मुलासाठी "टाइम प्लीज" हा मोठा आधार आहे. त्याला शिकवून ठेवा, राग आला, दमलास, रडू आलं, तर टाइम प्लीज म्हणायचं, बाजूला बसायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटांनी परत. घरी यायचं नाही. आणि आलाच तर त्याच्याबरोबर बसा, बोला, पण स्क्रीन नाही. ह्यात ढिलाई नको. डाव सोडून आलं की टॅब मिळतो हे एकदा कळलं ना, की पोर रोज सातव्या मिनिटाला बेल वाजवणार, आणि चूक त्याची नसेल.

हरल्यावर "काही नाही रे, गेमच आहे" म्हणू नका, त्याच्यासाठी ते गेमच नसतं. "शेवटचा दगड राहिला होता ना? वाईट वाटतं," एवढं पुरतं. थोड्या वेळानं तोच सांगायला लागतो उद्या काय करणार ते.

साधारण पाचव्या आठवड्यात मी त्याला बोलवायला गेले, अंधार पडत आला होता. तर डब्यावर पाय ठेवून उभा राहून मला हातानं थांबवलं, म्हणाला, "आत्ता नाही येता येणार, माझ्यावर राज्य आहे, असं मधेच सोडून नाही येत कोणी." माझ्या तोंडावर अगदी आलं होतं, सात मिनिटंवाला तूच ना... गप्प बसले.

आपण कधी बाजूला व्हायचं

सुरुवातीला आपण खेळतो, मग कडेला बसतो, मग खिडकीतून बघतो, मग बघतही नाही. हा क्रम मोडू नका आणि अडकूनही राहू नका. कडेला आई बसलेली असली की पोरं निकाल तिच्याकडे मागतात आणि खेळ बिघडतो. वेळ मात्र रोज ठरलेली ठेवा. आज पाच, उद्या सात असं केलं तर भिडू जमत नाहीत, आणि भिडू नसले तर आपली सगळी मेहनत वाया.

शक्य असेल तर उजेडात खेळू द्या. कारण डोळे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तीन वर्षांनी नव्यानं लांबचं अंधुक दिसायला लागलेल्या मुलांचं प्रमाण बाहेर जाणाऱ्यांत सुमारे ३० टक्के आणि न जाणाऱ्यांत जवळपास ४० टक्के निघालं. घरातल्या दिव्याचा उजेड काही शे लक्स असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार. लागलेला चष्मा ह्यानं जात नाही, गैरसमज नको, पण लागायचा असेल तर तो लांबतो.

काही वेगळ्या केसेस

बारा-तेरा वर्षांची पोरं मामाचं पत्र हरवलं खेळणार नाहीत, डोळे फिरवतील. त्यांना पंच करा, टीम पाडायला सांगा, लहानांना शिकवायला लावा, किंवा सरळ खो-खो. त्यात एका वेळी नऊ जण पाठलागावर असतात, आठ बसलेले आणि एक पळणारा, म्हणजे बसलेलं असतानाही खो कधी मिळेल म्हणून कान टवकारलेले. ह्या वयाला "खेळ" म्हटलं की नको असतं, "मॅच" म्हटलं की चालतं. शब्दाचीच गंमत.

आजूबाजूला पोरंच नसतील तर आठवड्यातून दोन ठरलेले दिवस दुसऱ्या एखाद्या कुटुंबाशी जुळवा, बाकी दिवस घरातलेच भिडू. दम्याचा त्रास, वजन जास्त, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि छोटे डाव, मधे विश्रांती असं करा. ज्या मुलांना स्पर्श, गोंगाट सहन होत नाही त्यांना पकडापकडीत ओढू नका, ठिक्करसारखे ठरलेल्या क्रमाचे खेळ त्यांना जास्त मानवतात.

गाडी घसरली तर

घसरतेच. पहिल्या आठवड्यात तर आदळआपट आधीपेक्षा वाढते, ते बघून बरेच जण सोडून देतात. मग आजारपण, परीक्षा, सुट्टीत पाहुण्यांकडे आठ दिवस, आणि आल्यावर पोर पुन्हा सोफ्यावर. अशा वेळी थेट गँगमध्ये ढकलू नका, दोन दिवस घरातलं तळ्यात-मळ्यात, दोन दिवस एक भिडू, मग खाली. दुसऱ्यांदा हे सगळं फार लवकर होतं.

प्रगती स्क्रीनच्या मिनिटांवर मोजू नका. "खाली कोण कोण आलंय?" असं पोरानं स्वतःहून किती वेळा विचारलं ते कागदावर लिहा. आमच्याकडे पहिल्या तीन आठवड्यांत शून्य, चौथ्यात दोनदा. टॅब अजूनही आहे, रात्री जेवणाआधी अर्धा तास मिळतो, आणि झोपायच्या आधीचा एक तास तो बंदच असतो.

आणि एक गोष्ट खेळानं सुटत नाही. झोप उडालीये, जेवण सुटलंय, शाळेला जायला नकार, स्क्रीन काढली की अंगावर धावून येणं, आधी आवडायचं ते सगळं बंद, आणि हे असं कित्येक महिने चाललंय, तर लगोरी वगैरे बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. गेमिंगचा आजार हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि त्याचं निदान साधारण १२ महिने तसं वागणं दिसल्यावर करतात. म्हणजे दोन तास टॅबवर बसणाऱ्या प्रत्येक पोराला "ॲडिक्ट" म्हणायचं नाही, त्याच्यासमोर तर नाहीच. पण मदत मागायला मात्र १२ महिने थांबायची गरज नाही. जाताना तो पाच दिवसांचा कागद बरोबर न्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, कधी, किती वेळ, आणि त्याच्या आधी काय झालं होतं.